ढोल वेगळा, थाळी वेगळी

प्रश्न : काका, नमस्कार. माझे सासरे गरब्याच्या ऑर्केस्ट्रात होते. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी अकाईच्या एमपीसी २००० एक्सएल सॅम्पलरवर (म्हणजे आवाज साठवून ते पॅडांवर, दाबायच्या चौकोनी बटणांवर, वाजवायचं यंत्र) ठेके बांधले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा यंत्र माळ्यावर होतं म्हणून वाचलं. आता धाकट्या दिरांना तेच ठेके नवरात्रासाठी संगणकावर हवेत आणि ढोल, थाळी, मंजिरा असं सगळं वेगवेगळं हवंय. फ्लॉपीतून आवाज काढले तर नुसत्या सुट्या थापा आल्या, ठेका नाहीच. मग थेट रेकॉर्ड केलं, तर सगळ्याची खिचडी. एकेक वाद्य वेगळं घेतलं, तर संगणकात मागेपुढे होतंय. काय चुकतंय?
— एक वाचक, समा, बडोदा

उत्तर : फार काही चुकलेलं नाही. फ्लॉपीतून आलेल्या थापा म्हणजे डब्यातला मसाला, आमटी नव्हे. कुठली थाप कधी, किती जोरात, हे सीक्वेन्समध्ये असतं. ते सीक्वेन्स मिडी फाइल म्हणूनही फ्लॉपीवर जतन होतात; तिच्यात आवाज नसतो, फक्त थापांची नोंद असते. तेवढं आधी करून ठेव, कारण या यंत्रातलं चालू काम रॅममध्ये असतं. लाइट गेली की पाटी कोरी.

पण मिडी आणि थापा जोडून सासऱ्यांचा ठेका हुबेहूब उभा राहील, या भरवशावर राहू नकोस. ढोलाची उघडी थाप घुमत असताना दाबलेली थाप आली की पहिली कापली जाते. ही सोय पॅडच्या प्रोग्रॅममध्ये असते, मिडीत नाही. म्हणून आवाज यंत्रातूनच बाहेर काढायचा.

यंत्राच्या मागे आधी बघ. मुख्य दोन जॅकांखेरीज आठ वेगळे जॅक असतील, तर ते आठ आउटपुटांचं जास्तीचं बोर्ड बसवलेलं आहे. मग आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणारी डबी, कुणाकडून दोन दिवसांसाठी आण, एका फेरीत काम उरकेल. बहुतेक यंत्रांत ते नसतं. मग दोन जॅकांवरच भागवायचं.

सासऱ्यांनी बहुधा सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर वाजवली असतील. तसं असेल तर ट्रॅक म्यूट करून काही उपयोग नाही, सगळंच बंद होईल. सीक्वेन्सची नक्कल कर. त्या नकलेत ट्रॅक दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर उतरव. मग प्रत्येकावर नको त्या पॅडच्या थापा पुसत जा. ठेका चालू ठेवून इरेजचं बटण आणि तो पॅड दाबून धरला की त्याच्या थापा निघून जातात. मात्र ढोलाची उघडी आणि दाबलेली थाप एकाच ट्रॅकवर ठेव. वेगळ्या केल्यास तर उघडी थाप कुणी न कापता घुमत राहील आणि दीर म्हणतील, बाबांचा ढोल असा नव्हता.

एका फेरीत दोन वाद्यं घे, बाकीचे ट्रॅक म्यूट. ढोल पूर्ण डावीकडे, थाळी पूर्ण उजवीकडे. डावा-उजवा जॅक इंटरफेसच्या दोन इनपुटांत लावला की दोन सुटे मोनो ट्रॅक मिळतात. सहा वाद्यांना तीन फेऱ्या पुरतात. इफेक्टचं बोर्ड असेल तर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, बंद, तो दीर नंतर घालतील. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नकोस. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतो. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेव आणि सगळ्यात जोराची थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहू दे. एकदा पातळी ठरली की यंत्राच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर चिकटपट्टी लाव. आमच्या दांडिया बाजारच्या घरी नातवाने मधल्या फेरीत तो नॉब फिरवला होता, तेव्हापासून मी पट्टीशिवाय बसत नाही.

आता मागेपुढे होण्याचं. सुरुवात जुळवायला ठेक्याच्या आधी एक रिकामा बार (चार ठोक्यांचा घर) सोड आणि त्यात मधोमध एकच टिचकी ठेव, म्हणजे पॅन मध्यावर. ती डाव्या-उजव्या दोन्हींत आणि प्रत्येक फेरीत येते. संगणकात सगळे ट्रॅक त्या टिचकीवर सरकवून जुळव.

तरीही पुढे संगणकाच्या लयीपासून सुटत जातं, ते का? यंत्राचं घड्याळ वेगळं, इंटरफेसचं वेगळं. त्याचे मिनिटाला ९२ ठोके आणि संगणकाचे ९२ तंतोतंत एक नसतात. लाखात पाच भागांचा फरक धर. मी एकदा ठेक्यांची ११ मिनिटांची मालिका सलग घेतली आणि संगणकाच्या पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघांवर कापत गेलो. ११ मिनिटं म्हणजे ६६० सेकंद, तेव्हा शेवटी ३३ मिलिसेकंदांचा फरक पडला होता. यंत्राच्या फेऱ्या आपसांत जुळत होत्या, पण माझ्या कात्रीने प्रत्येक थापेचं डोकं उडवलं आणि नंतर संगणकाच्या टिकटिकीवर वाजवलेली शहनाई ढोलाला चुकवून पळत होती. सगळं पुन्हा केलं, अष्टमीच्या रात्री.

म्हणून लांब मालिका घेऊ नकोस. केरव्याचा आठ बारांचा लूप ९२ च्या लयीत जेमतेम २१ सेकंदांचा. त्यात हाच फरक एक मिलिसेकंद, कुणाच्या कानाला लागत नाही. लूप दोनदा वाजू दे आणि दुसरी खेप ठेव. पहिलीत आधीच्या शेवटच्या थापेची घुमारी समेवर सांडलेली नसते, दुसरीत असते, आणि कान त्यालाच सरावलेला आहे. हींच या गरब्याच्या तालाचे सहा मात्रांचे ठेकेही असेच.

मिडी क्लॉकने, म्हणजे संगणकाने यंत्राला पाठवलेल्या ठोक्यांनी, यंत्राला संगणकामागे चालवता येतं, हे दीर सांगतीलच. चौथाई नोटेला, म्हणजे लयीच्या एका ठोक्याला, असे २४ बारीक ठोके जातात, त्यामुळे लांब मालिकेत दोघं सुटत नाहीत. पण ते ठोके किंचित डगमगतात आणि झुलत्या ठेक्यात मला ते ऐकू येतं. मी यंत्राला त्याच्याच लयीत चालू देतो.

प्रश्न : सासऱ्यांच्या फ्लॉप्यांच्या डब्यातल्या दोन फ्लॉप्यांवर पांढरे ठिपके आहेत. घालून बघू का?

उत्तर : मुळीच नाही. ती बुरशी आहे. ड्राइव्हच्या हेडला लागली की पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडेल. आधी ठिपके नसलेल्या सगळ्या फ्लॉप्यांच्या नकला काढ. त्या दोन कागदाच्या पाकिटात वेगळ्या ठेव आणि त्यांच्यावर काय आहे ते सासऱ्यांना विचार. लेबलावरचं अक्षर पाहून त्यांना आठवेल.