रेषेच्या पलीकडचे दहा मीटर

प्रिय बाळ,

मोठ्या स्पर्धेच्या टीममध्ये शंभर मीटर धावण्यासाठी तुझं नाव आल्याचं सांगायला तुझ्या आईनं फोन केला, पण तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. आता पेठेत पेढे वाटले जातील, तालमीच्या पोरांनी तुझा डिजिटल फलक छापायलाही टाकला असेल. होऊ दे सगळं कौतुक, तू ते कमावलंयस. मला मात्र तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे. तोंडी सांगितली की तू नुसती मान हलवतेस, म्हणून लिहिते आहे.

जिल्ह्याला आणि विभागाला तू तीन वर्षं पहिली येतेस. दर वेळी मी रेषेजवळ उभी असते आणि दर वेळी तेच बघते. नव्वद मीटरच्या आसपास तुझी हनुवटी डावीकडे वळते, खांदे कानाकडे चढतात आणि शेवटची चार-पाच पावलं तू नुसती पडू देतेस. कोल्हापुरात ते खपून जातं, कारण मागं कुणी नसतंच. त्या मोठ्या स्पर्धेत दोन्ही बाजूंना तुझ्याच तोडीच्या पोरी असणार आहेत.

मी हे भोगलंय. आमच्या वेळी मातीचं ग्राउंड आणि त्यावर फक्कीच्या रेषा. राज्याबाहेरच्या एका मोठ्या स्पर्धेत सेमीला माझ्या बाजूच्या दोघींना मी मागं टाकलं, एकदा वळून खात्री केली आणि सैल सोडलं. पार कडेच्या लेनमधून दोघी कधी पुढं गेल्या, दिसलंच नाही. फायनल मी कठड्याला टेकून बघितली. परतीच्या रेल्वेत रात्रभर स्पाइक्सची, म्हणजे खिळ्यांच्या बुटांची, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ती मान मीच वळवली होती.

शंभर मीटरमध्ये शेवटपर्यंत कुणाचाच वेग वाढत नाही. पन्नास-साठच्या पुढं तो टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. शेवटी मुसंडी मारल्यासारखी दिसते ती पोरगी खरं तर इतरांपेक्षा कमी मंदावलेली असते. म्हणून तिथं जोर लावायचा नाही. दात आवळलेस की मान आवळते, मान आवळली की हात आखडतात, आणि हात आखडले की पाऊल तोकडं पडतं. गाल हलताना दिसले पाहिजेत मला, इतका जबडा सैल हवा.

1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांमधलं कांस्यपदक एक शतांश सेकंदानं गेलं. 55.42 ही तिची वेळ. त्या वेगानं एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटर. तुझी चार बोटं जुळवून बघ, तेवढंच अंतर. आणि रेषेवर मोजतात ते धड. पुढं काढलेलं डोकं किंवा हात मोजत नाहीत.

हीट, म्हणजे पहिली फेरी, नुसता सराव असते, असं टीममधलं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. 2023 ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत शाकॅरी रिचर्डसन सेमीत तिसरी आली. थेट जागा हुकली, पण वेळेच्या जोरावर ती फायनलला गेली. लेन मिळाली नववी, अगदी कडेची. त्या लेनमधून तिनं 10.65 मध्ये सुवर्ण मारलं. सेमीत शेवटची पावलं तिनं सोडून दिली असती, तर ती नववी लेनही हाताला लागली नसती. तुझा क्रमांक कितवा येतो ते शेजारणीही ठरवतात. वेळ मात्र तुझी तूच काढायची असते.

कॉल रूमबद्दल, म्हणजे शर्यतीआधी बसवतात त्या खोलीबद्दल, थोडंसं. तिथं मोबाइल, इअरफोन काढून घेतात, स्पाइक्स तपासतात आणि बसवून ठेवतात. कुणी उड्या मारेल, कुणी मांड्यांवर चापट्या मारेल. बघायचं नाही. स्टार्टरचे शब्द आपल्या ग्राउंडवर ऐकतेस तेच आहेत. बंदुकीनंतर 0.100 सेकंदाच्या आत पायाखालच्या ब्लॉकवर दाब वाढला तरी फॉल्स स्टार्ट, म्हणजे वेळेआधी सुटलीस असं, धरतात, आणि पहिल्याच फॉल्सला बाहेर. तेव्हा आवाजाचा अंदाज बांधू नकोस, ऐकून सूट.

पावसाची काळजी तर तू करूच नकोस. पॅरिसला 2024 मध्ये महिलांची शंभरची फायनल ओल्या ट्रॅकवर झाली आणि ज्युलियन आल्फ्रेडनं ती 10.72 मध्ये जिंकली. तिचा सेंट लुसिया देश लोकवस्तीनं आपल्या कोल्हापूर शहराच्या निम्म्याएवढाही नाही. त्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. लहानपणी ती शाळेच्या गणवेशात, अनवाणी पळायची. तू तर जुलैच्या झडीत गुडघ्यापर्यंत चिखल उडवत तीस मीटरचे रिपिटेशन मारलेयस.

डोपिंगच्या तपासणीत अडकायला नको, म्हणून सर्दीची साधी गोळीही टीमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आईनं बांधून दिलेला काढासुद्धा नाही. पाळीची तारीख जवळ येत असेल तर टीमच्या मॅडमना आधीच सांग, लाजू नकोस. नवीन स्पाइक्स तिथं पहिल्यांदा घालायचे नाहीत.

उद्यापासून मी खुणेचा प्लास्टिकचा कोन शंभर मीटरवर ठेवणार नाही, एकशे दहावर ठेवणार आहे. त्याच्या पुढं जाईपर्यंत मान वळली की ती रन धरायची नाही, पुन्हा मारायची. साडेपाचला ये, जुने स्पाइक्स घेऊन. वेळा लिहायची वही विसरू नकोस.

तुझी,
मॅडम
कोल्हापूर