भिशीचा पहिला नंबर की शेवटचा?

प्रश्न: आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे, महिना हजार रुपये, चिठ्ठी टाकून नंबर. माझा नंबर नेहमी शेवटीच येतो. नवरा म्हणतो बंद कर, बँकेत आरडी काढ, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव. काय करू? (एक वाचक, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर: ताई, हिशोबाने नवरा बरोबर आहे हो. पहिल्या नंबरवालीला बारा हजार बिनव्याजी वापरायला मिळतात, आणि शेवटचीला? फक्त तिचेच बारा हजार परत. तेच आरडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला साधारण चारशेवीस रुपये जास्त आले असते, शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, भिशी चालवणारी गाव सोडून गेली तर कोणाकडे जाणार? पण खरं सांगू का, माझी आई पण भिशी लावायची आणि तिला चारशे रुपयांचं काही पडलेलं नव्हतं, तिला फक्त पैसा घरात दिसायला नको होता, कारण दिसला की गड्ड्याच्या जत्रेत नाहीतर नव्या पेठेत उडालाच समजा! हप्त्याच्या दिवशी बाकी अकरा जणी दारात येतात, ती लाजच आपल्याकडून बचत करवून घेते. आरडीचा हप्ता चुकला तर बँकवाला थोडीच घरी येतोय? म्हणून माझं मत, भिशी ठेवा पण पाचशेवर आणा, उरलेले पाचशे आरडीत, आणि हो, लिलावाच्या भिशीच्या, म्हणजे जी सगळ्यात कमी रकमेवर तयार होईल तिला आधी पैसे देणाऱ्या भिशीच्या, नादाला लागू नका.