समाधानाचा फॉर्म म्हणजे दर्जा नव्हे

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६८ टक्के. जर्मनीची नोकरी सोडून म्हणते, परदेशात आश्रय मागणाऱ्या निर्वासितांना नर्स जी प्राथमिक आरोग्यसेवा देतात, तिचा दर्जा तपासायचाय. डॉक्टरशिवाय दर्जा कसला? रुग्णांकडून समाधानाचे फॉर्मच भरून घ्यायचे, तर एमबीए काय वाईट? लोकांना काय सांगू?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : ६८ टक्क्यांनी काही अडत नाही. मला खटकलं ते वेगळंच. पत्रात लोक आहेत, जर्मनी आहे. मुलीला हा विषय का हवा, ते नाही. आधी तिला विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मधे बोलू नका.

एमबीएला सीईटी आहे; मुलीला हवं त्यासाठी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी पुणे विद्यापीठातही होते. पात्रता माहितीपत्रकात पाहा.

आता फॉर्मचं. आश्रय मागणाऱ्यांच्या बाबतीत तो सगळ्यात कुचकामी. तक्रार केली तर आश्रयाच्या अर्जाचं काय होईल या धास्तीने माणूस ‘सगळं छान’ लिहून मोकळा होतो. म्हणून केस पेपर काढायचे. एकच तक्रार धरायची, समजा खोकला. दोन आठवड्यांच्या वर होता का? वजन घटलं का, हे विचारलं? क्षयाच्या तपासणीला पाठवलं? दुभाषा होता, की आईचं दुखणं आठ वर्षांच्या पोराने सांगितलं? टक्केवारी काढताना छेदात फक्त ज्यांना ती तपासणी लागू होती तेच रुग्ण. नवखे इथे फसतात : नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असं धरतात. नर्सने विचारलेलं असतं, लिहायचं राहतं. म्हणून तेच पेपर दोघांनी वेगवेगळे वाचून ताडून पाहायचे, थोड्या तपासण्यांना समोर बसायचं. शिवाय केंद्र बदललं की रुग्ण जातो आणि फाइल मागे राहते. त्याला ‘उपचार सोडले’ म्हणता येत नाही. आणि ज्याला दारातूनच परत पाठवलं, त्याचा तर पेपरच नसतो.

कोण थांबू शकतं आणि कोणाला आत्ताच डॉक्टरकडे धाडायचं, हा पहिला निर्णय अशा ठिकाणी नर्सचा. तो चुकला की नाही, हे नर्सिंग शिकलेल्या माणसाला कळेल. नुसत्या एमबीएला रांगेतली मिनिटं मोजता येतील.

मात्र सुरुवात परदेशातून नको. भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, आश्रय मागणाऱ्यांची तशी केंद्रं इथे पुण्यात सापडायची नाहीत. वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकामांवरची परप्रांतीय कुटुंबं आहेत. भाषेची आणि सतत जागा बदलण्याची अडचण त्यांचीही तीच. तिथल्या एखाद्या सरकारी दवाखान्यातले खोकल्याचे ५० पेपर तिने वाचावेत. आधी दवाखान्याची आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी, पेपरावरची नावं झाकलेली. विसाव्या पेपरालाच कंटाळली, तर एमबीएचं पुन्हा बोलू.