चालीवर नाव घाल

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. परवाची कार्यक्रमपत्रिका पाहिली. चाल तुझी, समूह तू बसवलास, आणि छापलंय ‘संगीत : मंडळ’. विचारलं तर म्हणालीस, “राहू दे हो ताई, गाणं तर रंगलं ना!” तेव्हापासून बर्लिनची फॅनी हेन्सेल माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची ही थोरली बहीण, जन्म 1805 चा. दोघं एकाच गुरूकडे शिकली. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी पत्रात लिहिलं की संगीत हा फेलिक्सचा पेशा होईल कदाचित, तुझ्यासाठी तो दागिनाच. पुढे तिची सहा गाणी फेलिक्सच्या संग्रहांत त्याच्याच नावावर छापली गेली. 1842 साली लंडनच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने त्यातलंच एक आवडीने म्हटलं, आणि हे माझ्या बहिणीचं, असं फेलिक्सला कबूल करावं लागलं. बहीण तेव्हा बर्लिनमध्ये होती. ती दाद तिला समोर बसून ऐकता आली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

तिचं खरं राज्य घरच्या बागेतल्या दालनात, रविवारच्या मैफलींत. 1831 पासून त्या तिने हाती घेतल्या. समूह बसवायचा, पियानो वाजवायचा, दिग्दर्शन करायचं, सगळं तीच. योहाना किंकेल स्वतः संगीतकार; तिने लिहून ठेवलंय की फॅनीच्या करंगळीच्या एका इशाऱ्याने अंगातून वीज जायची, छडीने स्टँड ठोकून तसं होत नाही. तूसुद्धा पेनाने टेबल वाजवणं सोड. मुली तुझ्या हाताकडे बघतात, आवाजाकडे नाही. श्वास कुठे घ्यायचा ते हातानेच दाखव.

1846 मध्ये, चाळिशीत, तिने स्वतःच्या नावाने रचना छापायला घेतल्या. भावाला हे पसंत पडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला कळवलं, परवानगी मागितली नाही. छापलेल्या रचनांत चार आवाजांची, उघड्यावर म्हणायची बागेतली गाणीही होती. 14 मे 1847 ला रविवारच्या मैफलीच्या तालमीत पियानोवर तिचे हात अचानक बधिर झाले, आणि त्याच रात्री ती गेली. साडेचारशेच्या वर रचना, आणि स्वतःच्या नावाने छापायला मिळालं जेमतेम एक वर्ष.

तू तेवीस वर्षांची आहेस. मंडळाशी मी बोलते, पण सुरुवात तुझ्या वहीपासून होऊ दे. रविवारी नव्या चालीचं नोटेशन आण, वर उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव आणि तारीख घालून. झेरॉक्स मी काढून आणते.

तुझी,
ताई