मॅस्टोडॉनवर मराठीत लिहायचं तर कोणत्या सर्व्हरवर घर करावं?

तुम्ही विचारलंय की ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर, म्हणजे एका कंपनीऐवजी वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या समाजमाध्यमावर, यायचं ठरवलं, पण नोंदणी करताना सर्व्हरांची भलीमोठी यादी पाहून अडलात. त्यातला भरवशाचा कोणता, तो उद्या बंद पडला तर लिहिलेल्याचं काय, आणि मराठीत लिहिलं तर तिथे वाचणारं कोणी आहे का? मी नोव्हेंबर २०१९ पासून तिथे आहे आणि एकदा सर्व्हर बंद पडून सगळं गमावलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं तेव्हा बंद केलं गेलं होतं. त्याच्या निषेधात भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर आले, त्यांच्यात मीही होते. बरेच जण परत गेले. मी राहिले, कारण मला तिथे पक्षी पाहणारी माणसं भेटली. मी नाशिकची. हिवाळ्यात बहुतेक रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाते आणि घरी येऊन टिपणं लिहिते. सर्व्हर निवडताना मी फक्त विषय पाहिला होता. निसर्गप्रेमींसाठीचा लहानसा सर्व्हर होता, बोलणं सौम्य, माणसं आपुलकीची. चालवणारा एकटाच होता, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

दोन वर्षांनी एका सकाळी ब्राउझरने सुरक्षिततेचा इशारा दाखवला. सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. चार-पाच दिवसांत पान उघडायचंच बंद झालं, आणि महिन्याभराने डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ताही गेला. ना सूचना, ना निरोप. फोटो माझ्याकडे होते. गेलं ते त्याखालचं बोलणं. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या दोन जातींच्या माद्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. माझ्या एका अंधूक फोटोवरून त्या ओळखायच्या कशा, हे फिनलंडमधल्या एका अनोळखी माणसाने मला पंखांच्या खालच्या पट्ट्या दाखवून शिकवलं होतं. तो संवाद आता कुठेच नाही. त्या माणसाचं टोपणनाव लक्षात आहे, त्याचा सर्व्हर कोणता होता ते आठवत नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. सर्व्हरचा विषय, त्याचं नाव, त्याचं रंगरूप हे सगळं नंतर पाहा. आधी तो चालवतं कोण ते पाहा. मॅस्टोडॉनवर कोणत्याही सर्व्हरवरून कोणालाही फॉलो करता येतं, जसं रेडिफमेलवरून जीमेलवर पत्र जातं. पक्ष्यांवर लिहायला पक्ष्यांचाच सर्व्हर लागत नाही. पण किल्ल्या ज्याच्या हातात, त्याच्यावर तुमचं सगळं अवलंबून.

प्रत्येक सर्व्हरवर ‘माहिती’ किंवा ‘अबाउट’ असं पान असतं. नोंदणीआधी ते शेवटपर्यंत वाचा, त्याला दहा मिनिटं लागतात. चालवणारे एकाहून जास्त आहेत का? पैसा कुठून येतो, आणि जमाखर्च कुठे मांडलाय का? फोटो-व्हिडिओ साठवण्याचा खर्च वाढतच जातो, कारण सर्व्हरला आपल्या सभासदांच्याच नव्हे, तर ते ज्यांना फॉलो करतात त्यांच्या चित्रांचीही प्रत काही काळ ठेवावी लागते. ‘काळजी करू नका, मी खिशातून भरतो’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या माणसाच्या मनाचा मोठेपणा मान्य करा आणि पुढचा सर्व्हर पाहा. त्याची नोकरी गेली, घरात आजारपण आलं, की सर्व्हर गेला.

मॅस्टोडॉन बनवणाऱ्यांनी २०१९ मध्ये सर्व्हरांसाठी एक करार ठरवला. त्यांच्या अधिकृत यादीत यायचं तर तो पाळण्याचं कबूल करावं लागतं. वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा द्वेष यांवर प्रत्यक्ष कारवाई करायची. रोज बॅकअप घ्यायचा. अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल असा किमान आणखी एक माणूस ठेवायचा. आणि बंद करायची वेळ आलीच तर किमान ३ महिने आधी सांगायचं. हा शब्द आहे, कायदा नाही, मोडला तर कोणी दंड करत नाही. तरीही यादीतल्या सर्व्हरपासूनच सुरुवात करा. माझा पहिला सर्व्हर या यादीत नव्हता, आणि मी कधी तपासलंही नव्हतं.

आधी सांगितल्याने काय फरक पडतो, ते पुढे दोनदा दिसलं. मॅस्टोडॉन.टेक्नॉलॉजी हा २०१७ पासूनचा नावाजलेला सर्व्हर २०२२ च्या अखेरीस बंद झाला. मॅस्टोडॉन.लोलच्या चालकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, द्वेषाच्या माऱ्याला कंटाळून, बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे आधी सांगितलं गेलं, त्यामुळे लोकांना सामान आवरून दुसरीकडे जाता आलं. याउलट क्विअर.एएफ या सर्व्हरचं पाहा. पत्त्यातलं ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातल्या मंत्रालयाने ते नावच काढून घेतलं आणि सर्व्हर एका दिवसात नाहीसा झाला. चालवणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. म्हणून पत्त्याची शेवटची दोन अक्षरंही वाचा. ती एखाद्या देशाची असतील तर तो देश ती कधी मागे घेईल का, हा विचार आधीच करा.

आता सामान आवरण्याबद्दल, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. मॅस्टोडॉनवर खातं हलवता येतं, हे खरं. नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथल्या सेटिंग्जमध्ये ‘माझं जुनं खातं अमुक’ अशी नोंद करायची, मग जुन्या खात्यावर जाऊन ‘हलवा’ म्हणायचं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात. पण लिहिलेल्या पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही हलवाहलव जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच होते. तो आधीच बंद पडला असेल तर फॉलोअर पाठवायला कोणी उरत नाही. माझे जवळजवळ साडेतीनशे लोक असेच सुटले. एकेकाला शोधत पुन्हा गाठायला पाऊण वर्ष गेलं, आणि सगळे सापडलेच नाहीत.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सेटिंग्जमधल्या ‘आयात आणि निर्यात’मध्ये जाते. मी ज्यांना फॉलो करते त्यांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, बुकमार्क, सगळं सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घेते. पोस्ट आणि फोटोंचा पूर्ण संग्रहही मागता येतो, ७ दिवसांतून एकदा. तो दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येत नाही, पण निदान आपलं लिहिलेलं आपल्या हातात राहतं. जे टिपण मला जपायचंच आहे ते मी आधी वहीत लिहिते आणि मग तिथे टाकते. हे तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा.

कोणत्या धाटणीचा सर्व्हर चांगला, असं विचाराल तर मला सभासदांच्या मालकीचे सर्वांत जास्त पटतात. सोशल.कूप हा २०१७ पासून चालणारा असा सर्व्हर आहे. सभासद वर्गणी देतात, नियम बदलायचा तर चर्चा होते, मतदान होतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पतसंस्था आणि सहकारी गृहनिर्माण संस्था आपण पाहिलेल्या असतात. वार्षिक सभेत हिशोब वाचला जातो, सेक्रेटरीला प्रश्न विचारता येतो, सेक्रेटरी बदलला तरी इमारत उभी असते. तीच रचना. असा एखादा मराठी सहकारी सर्व्हर उभा राहावा असं मला मनापासून वाटतं, आणि कोणी पुढाकार घेतला तर वर्गणी भरणाऱ्यांत मी पहिली असेन.

सोशल.कूपसारख्या ठिकाणी वर्गणी आणि ओळख करून देणं हे तुम्हाला सुरुवातीलाच जड वाटत असेल तर मॅस्टोडॉन.सोशलवर उघडा. मॅस्टोडॉन बनवणारी मंडळीच तो चालवतात. खूप मोठा आहे, शेजार जाणवत नाही, पण एका रात्रीत गायब होण्याची भीती तिथे कमी. सहा महिने राहा, माणसं ओळखीची झाली की मध्यम आकाराच्या, नीट चालवलेल्या सर्व्हरवर हला. मी आता तशाच एकावर आहे. तिघे मिळून चालवतात, दर तिमाहीला खर्च मांडतात, मी महिन्याला ३ युरो देते. (ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाबद्दलही लोक विचारतात. तिथे खातं हलवण्याची सोय मुळातच विचारपूर्वक केली आहे, पण बहुतेक खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत.)

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. तिथले खासगी संदेश खऱ्या अर्थाने खासगी नसतात. ते कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा.सोशल या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर एफबीआय या तिथल्या तपास संस्थेने वेगळ्याच प्रकरणात छापा घातला आणि जप्तीत त्या सर्व्हरच्या डेटाची कूटबद्ध न केलेली प्रत गेली. फोन नंबर, पत्ता, मुलांची माहिती त्यात कधीच लिहू नका.

आता मराठीचं. इथे मला सर्वांत जास्त सांगायचंय, कारण हे इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही.

नोंदणीआधी भाषेचा नियम वाचा. काही सर्व्हर सार्वजनिक पोस्ट इंग्रजीतच मागतात. फॉसटोडॉन हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा प्रसिद्ध सर्व्हर तसाच. त्यात गैर काही नाही, जे वाचता येत नाही त्यावर देखरेख कशी ठेवणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण मराठीत लिहायचं तर ते घर आपलं नाही.

देखरेखीचा हा प्रश्न दुसऱ्या बाजूने आपल्यालाही लागतो. एकदा माझ्या एका मैत्रिणीच्या पोस्टखाली कोणीतरी तिच्या जातीवरून घाण लिहिलं. मी तक्रार केली. मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारे, युरोपातले, त्यांना तो शब्द साधा वाटला. वंशाबद्दल ते जागरूक होते, जातीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी पुन्हा तक्रार केली. या वेळी त्या शब्दाचा अर्थ, तो कोणासाठी आणि कसा वापरला जातो, भारतात त्याबद्दल कायदा आहे, हे सगळं इंग्रजीत लिहिलं. तासाभरात ते खातं त्यांनी बंद केलं आणि पुढच्या आठवड्यात नियमांत ‘जात’ हा शब्द घातला. मी त्या सर्व्हरवर टिकून आहे ती मुख्यतः या एका गोष्टीमुळे. तेव्हा नियमांच्या यादीत जातीचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर नोंदणीआधी ॲडमिनला एक नम्र संदेश लिहून विचारा. उत्तर किती दिवसांत येतं आणि कोणत्या सुरात येतं, यावरून त्या सर्व्हरबद्दल पुष्कळ कळतं.

आणि वाचणारं कोणी आहे का? आहे, पण पहिल्या दिवशी ते दिसणार नाही. तुमच्या सर्व्हरला फक्त त्या पोस्ट ठाऊक असतात, ज्या तिथल्या कोणीतरी फॉलो केलेल्या खात्यांकडून येतात किंवा कोणी पुढे पाठवल्यामुळे तिथवर पोहोचतात. तुम्ही जिथे गेलात तिथे आधी एकही मराठी माणूस नसेल, तर ‘#मराठी’ शोधल्यावर जवळजवळ रिकामं पान दिसेल. पुष्कळ लोक ते पाहून निघून जातात. लहान सर्व्हरवर हे जास्त जाणवतं, मोठ्यावर कमी. सुरुवात मोठ्यावर करा म्हणते ती याही कारणाने.

उपाय असा. आधी पंधरा-वीस मराठी खाती शोधून फॉलो करा. एक सापडलं की त्याच्या फॉलोच्या यादीत, त्याने ती लपवली नसेल तर, बाकीची सापडतात. हॅशटॅगही फॉलो करता येतो, तो करून ठेवा. पोस्टची भाषा सेटिंग्जमध्ये ‘मराठी’ अशी निवडा, म्हणजे भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांपर्यंत ती पोहोचते. आणि प्रत्येक पोस्टला देवनागरीत एक-दोन हॅशटॅग जोडा, कारण तिथला मजकुराचा शोध फक्त परवानगी दिलेल्या खात्यांपुरताच चालतो आणि अनोळखी वाचक बहुधा हॅशटॅगवरूनच येतो. तुमची परवानगीही सेटिंग्जमधून देऊन टाका.

ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये गेलं. मराठीची सोय असलेलं कू हे भारतीय समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये. दोन्हीकडे माझ्या ओळखीच्यांनी खूप लिहिलं होतं, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मॅस्टोडॉनवर निदान सांभाळणारा कोण, हे मला निवडता येतं आणि माझी यादी उचलून दुसऱ्याकडे जाता येतं.

खातं उघडलंत की पहिली पोस्ट ‘#मराठी’ आणि ‘#ओळख’ लावून लिहा, आणि कशावर लिहिणार आहात ते त्यात सांगा. मी हे दोन्ही हॅशटॅग फॉलो करते. दिसलीत की माझ्या सर्व्हरवरून तुम्हाला फॉलो करेन, म्हणजे तुमचं लिखाण इथल्याही मराठी लोकांना दिसायला लागेल. इथे आम्ही सध्या सहा जण आहोत.