संगणक आपोआप बंद पडतो? आधी ‘कधी’ ते सांगा

मे महिना उजाडला की या सदराकडे एकच वाक्य फिरून फिरून येतं: ‘सर, कॉम्प्युटर आपोआप बंद होतो, काय बदलू?’ नारायण पेठेत २२ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतो आहे. माझ्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक जण आधी काहीतरी बदलूनच आलेला असतो. कुणी विंडोज, कुणी रॅम, कुणी थेट मदरबोर्ड. पण बंद पडतो तो नेमका कधी, किती मिनिटांनी, कोणतं काम चालू असताना, घरात दुसरं काय सुरू झाल्यावर, हे विचारलं की आठवावं लागतं. निम्मं निदान त्या ‘कधी’तच असतं. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच एका तक्रारीची घेतली आहेत.

प्रश्न : संगणक वीस-पंचवीस मिनिटं चालतो आणि एकदम बंद होतो. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांतच जातो. भाचा म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारू का? (कोथरूड)

नको. फॉरमॅट मारून उष्णता कमी होत नाही, आणि तुमचा आजार उष्णतेचा दिसतो. लगेच सुरू केल्यावर आणखी लवकर बंद होतो, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. गरम झालेलं यंत्र निवायला वेळ मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो आधी आपला वेग कमी करतो. तरीही पारा चढतच राहिला तर जळण्याआधी वीज तोडायला लावतो. विंडोजला कळवायलाही वेळ नसतो, म्हणून पडद्यावर काही संदेश न येता एकदम अंधार होतो. संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांवर) जाऊन हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा. काहीही काम चालू नसताना तिथेच तापमान ७०-८०च्या घरात दिसलं, तर वेगळा पुरावा नको.

गेल्या आठवड्यात कर्वेनगरच्या एका घरी असंच कॅबिनेट उघडलं. पंखा फिरत होता, वरून सगळं ठीक होतं. चार स्क्रू काढून पंखा उचलला, तर खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर राखाडी धुळीचा थर घट्ट बसलेला. नखाने कड धरून ओढला तर घोंगडीचा तुकडा निघावा तसा अख्खा निघाला. पंखा वारा घालत होता, पण तो वारा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. शेजारी बांधकाम, खिडकी रस्त्याकडे आणि संगणकाच्या वरच देव्हारा. उदबत्तीची राख आणि धूळ मिळून असा थर वर्षभरात बसतो.

स्वच्छता घरी करायची असेल तर आधी प्लग काढा. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि पंखा बोटाने धरून ठेवा, तो हवेने गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एवढ्याने फरक पडला नाही तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असणार. ती बदलून घ्या, आणि पहिलीच वेळ असेल तर जाणकाराकडूनच. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते. पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. दोन दिवसांत ती वाळून पापुद्रा होते. असे प्रोसेसर मी खरवडून साफ केले आहेत.

प्रश्न : कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं तर चालेल का? (सहकारनगर)

नाही. बाहेर काढा आणि मागे वीतभर जागा सोडा.

प्रश्न : बटण दाबल्यावर संगणक सुरू होतो आणि बरोबर चार-पाच सेकंदांत बंद. रोज असंच. मदरबोर्ड गेला का? (बिबवेवाडी)

आधी कॅबिनेटचं बटण पाहा. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की संगणक सक्तीने बंद होतो, तशी रचनाच असते. जुनं बटण आत अडकून राहिलं की यंत्राला वाटतं, तुम्हीच दाबून धरलं आहे. तंत्रज्ञाला बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून दुसऱ्या बटणाने सुरू करून पाहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता मदरबोर्डचा भाव सांगणाऱ्याकडून संगणक परत आणा.

प्रश्न : मुलासाठी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवलं. साधं काम करताना काही होत नाही, गेम सुरू झाला की दहा मिनिटांत बंद. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, म्हणजे पुरेसा आहे, म्हणून दुकानदार मदरबोर्डच बदला म्हणतो. (हडपसर)

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साधं काम चालतं आणि गेममध्ये बंद होतो, तर संशय आधी विजेवर घ्यायचा. हे कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत घेतं. त्यासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तोही खरा ५५० वॅटचा.

आता तुमच्या ४५०चं. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते सोडा, खालचा बारीक तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचं पोट मुख्यतः याच रेषेवर भरतं. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. वर ४५० छापलेल्या डब्यातून कामाचे १६८! तुमच्या कार्डाला एकट्यालाच ते पुरणार नाहीत, प्रोसेसर तर बाजूलाच. हा हिशेब ग्राहकाला येत नाही, म्हणूनच हे डबे खपतात. मला याची मनापासून चीड आहे, कारण असा डबा जाताना कधी कधी मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो.

तंत्रज्ञाला कार्डावर भार असताना १२ व्होल्टची रेषा मोजायला सांगा. ती ११.४ ते १२.६ यांच्या मध्ये राहायला हवी. दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून गेम तासभर चालवला की निकाल लागतो. हे केल्याशिवाय मदरबोर्डसाठी एक रुपयाही देऊ नका. आणि एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात.

प्रश्न : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) लाल खुणेने ‘कर्नल-पॉवर ४१’ येतं. इंटरनेटवर त्यासाठी एक सॉफ्टवेअर विकत मिळतं, घेऊ का? (पिंपळे सौदागर)

घेऊ नका. ४१चा अर्थ ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’ एवढाच. का, ते त्यात नसतं. तपशिलात बगचेक कोड (विंडोज कोसळल्याचं कारण सांगणारा आकडा) शून्य असेल तर बहुधा विंडोज कोसळलेलंच नाही, वीजच तुटली. शून्य नसेल तर तो आकडा लिहून घ्या आणि तंत्रज्ञाला दाखवा. तिथल्या वेळाही उतरवा. दुरुस्तीला त्या वेळांचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

प्रश्न : फक्त रात्री बंद होऊन पुन्हा सुरू झालेला दिसतो. (बाणेर)

बहुधा विंडोजचं अपडेट. त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर काळजी नाही.

प्रश्न : रॅम खोडरबराने पुसली की हा दोष जातो म्हणतात. (चिंचवड)

रॅमचा दोष असेल तर संगणक सहसा अडकतो, निळा पडदा दाखवतो किंवा सुरूच होत नाही. एकदम अंधार होत असेल तर खोडरबर ठेवून द्या.

प्रश्न : लाइट गेली की यूपीएस असूनही संगणक त्याच क्षणी बंद. यूपीएस चार वर्षांपूर्वीचा, ६०० व्हीएचा. लेझर प्रिंटरही त्यावरच आहे. (धायरी)

बॅटरी संपली आहे. ती दोन-तीन वर्षंच टिकते. प्रिंटर आजच यूपीएसवरून काढा. ६०० व्हीए म्हणजे अशा यूपीएसमध्ये साधारण ३६० वॅट, आणि लेझर प्रिंटर तापताना एकटाच त्याहून जास्त ओढतो. बॅटरी बदलूनही तसंच झालं तर तुमच्या एसएमपीएसशी या यूपीएसचं जुळत नसेल. दुकानात तुमचाच संगणक नेऊन, तिथे प्लग काढून पाहा आणि मगच नवा घ्या.

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. खालची पाण्याची मोटर सुरू झाली की संगणक बंद पडतो. शिवाय कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. ओळखीचा एक जण म्हणाला, सॉकेटमध्येच अर्थिंग न्यूट्रलला जोडून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. करू का?

करू नका. आणि हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

मुंग्यांचं आधी सांगतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे लहान कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसलं की कॅबिनेट निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह फार थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण मुंग्या येतात याचा अर्थ तुमच्या घरात अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. उद्या आतली एखादी वायर घासून कॅबिनेटला टेकली तर ती वीज जाणार तुमच्या अंगातून, कारण दुसरी वाट तिला ठेवलेलीच नाही.

आता त्या दोन मिनिटांच्या कामाचं. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडले की मुंग्या खरोखर थांबतात, म्हणून लोकांना तो इलाज वाटतो. पण जुन्या वाड्यात न्यूट्रलचा स्क्रू सैल होणं ही रोजची गोष्ट आहे. ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी फेजची वीज संगणकातून न्यूट्रलच्या वायरवर येईल, तिथून तुमच्या त्या जोडामार्गे कॅबिनेटवर. पूर्ण २३० व्होल्ट, धातूच्या पत्र्यावर, मूल जमिनीवर अनवाणी बसलेलं. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणंही नवं नाही. तसं असेल तर जोड दिल्याच्या क्षणापासून कॅबिनेट थेट फेजवर. संगणक चालतोय, दिवा लागतोय, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. असे जोड मी स्वतः सॉकेट उघडून पाहिले आहेत आणि दर वेळी तिथेच काम थांबवलं आहे.

मोटरचं कोडंही बहुधा याच वायरिंगमध्ये आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. वायर बारीक किंवा जोड सैल असेल तर त्या क्षणी घरातला दाब कोसळतो आणि एसएमपीएस हात टेकतो. गेल्या पावसाळ्यात कसब्यातल्या एका घरी गेलो होतो. तिथे आधी दोन एसएमपीएस आणि एक मदरबोर्ड बदलून झाला होता. मी प्लग काढला तर डावीकडची पिन काळी पडलेली, प्लगचं प्लास्टिक मऊ झालेलं. मेन स्विच बंद करून सॉकेटची पट्टी उघडली. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता आणि वायरचं आवरण इंचभर करपलं होतं. नवं सॉकेट बसवलं आणि बंद पडणं थांबलं. संगणकात दोष नव्हताच.

तुम्ही करायचं ते एवढंच. संगणक त्या सॉकेटवरून काढा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागी बसवणारा जोड वापरत असाल तर तो फेकून द्या. परवानाधारक वायरमनला बोलवा, घरातली वायरिंग आणि अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगचा खड्डा वाड्यात असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडू देऊ नका. दिवे मध्येच भगभगीत होत असतील किंवा शेजारच्या घरातही दाब खालीवर होत असेल, तर दोष मीटरच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. लगेच महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार द्या. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात दाब ३००च्या वर जातो आणि टीव्ही, फ्रिज, संगणक एका फटक्यात जातात. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात खर्च कुणाचा, हा वाद नंतर घाला. वायरमन या आठवड्यात आला पाहिजे.

प्रश्न : दिवसातून एक-दोनदाच बंद पडतो. रिटर्न भरण्याचा हंगाम आहे, सगळ्या अशिलांचा टॅलीचा डेटा यावरच आहे. महिनाभर असाच चालवून मग दाखवला तर चालेल का? (शुक्रवार पेठ)

चालणार नाही. टॅली फाइलमध्ये लिहीत असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राहते आणि सगळा हिशेब उघडेनासा होऊ शकतो. हे वाचून झाल्यावर आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क काढून कपाटात ठेवा. मग संगणक दाखवा. हंगाम आहे म्हणूनच आज दाखवायचा.

प्रश्न : घरी आलेला तंत्रज्ञ संगणक दुकानात न्यायचा म्हणतो. द्यावा का? (विमाननगर)

द्या. असे दोष तासन्‌तास चालवून पाहिल्याशिवाय सापडत नाहीत आणि घरी तेवढा वेळ कुणी बसत नाही. मात्र कॅबिनेट उघडून रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसच्या सिरियल नंबरांचे फोटो त्याच्यासमोरच काढा आणि पावतीवर तक्रारीसोबत ‘कधी बंद पडतो’ तेही लिहून घ्या. तुमची डिस्क त्याच्याकडूनच काढून घेऊन घरी ठेवा. तो स्वतःची डिस्क लावून तपासू शकतो.