‘एकोणपन्नास’नं माझा घात केला होता, तुमचाही तोच करतोय

तुम्ही लिहिलंय की रोमन आकडे लिहिताना ३९ पर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग ४९ ला ‘आय-एल’ लिहिलं, चूक. ९९ ला ‘आय-सी’ लिहिलं, चूक. १९९९ ला ‘एम-आय-एम’ लिहिलं, तेही चूक. आणि पुढे तुमचं वाक्य आहे, “पन्नासातून एक गेला की एकोणपन्नास, मग यात चुकलं काय?” हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी एका कार्यालयातल्या टेबलासमोर उभा राहून बोललेलो आहे. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मी गणिताचा शिक्षक नाही. कागदपत्रं लावणं, टंकणं, तपासणं हे माझं काम. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते हात पोळलेल्याचं शहाणपण समजा. कुणी जाणकारानं दुरुस्त केलं तर राग नाही. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार, तीनपेक्षा जास्त वेळा तेच अक्षर नाही, हे तुम्हाला येतंय असं दिसतं, म्हणून सोडून देतो. आणि अक्षरं मी देवनागरीत, मध्ये आडव्या रेघा टाकून लिहितोय, कारण दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा मला कंटाळा आहे. कागदावर अर्थातच रोमन लिपीतली मोठी अक्षरं, सलग, रेघांशिवाय.

तर माझी गोष्ट. एका मोठ्या अहवालाला ५३ परिशिष्टं होती आणि त्यांचे क्रमांक रोमनमध्येच हवेत अशी अट होती. (का, ते आजतागायत कळलेलं नाही.) परिशिष्टं मी लावत होतो, अनुक्रमणिका सहकाऱ्यानं केली होती. प्रत्येक परिशिष्टाच्या डोक्यावर मी हातानं क्रमांक टंकत गेलो. ४८ ला एक्स-एल-व्ही-आय-आय-आय एवढी लांब शेपटी लिहून झाली आणि ४९ दोन अक्षरांत आटोपतोय हे पाहून मला चक्क बरं वाटलं. आय-एल. पुढे ५० ला नुसता एल. किती सुटसुटीत!

गठ्ठा परत आला. वर एका ओळीचा शेरा: ‘क्रमांकांत विसंगती. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’ कुठल्या क्रमांकांत? कुठल्या पानावर? काही नाही. विचारायला गेलो तर टेबलापलीकडून उत्तर आलं, “शेऱ्यात आहे तेवढंच.” घरी येऊन मी पृष्ठांक तपासले, तक्त्यांचे क्रमांक तपासले, आकृत्यांचे तपासले. दोन रात्री त्यात गेल्या. तिसऱ्या रात्री दिसलं की अनुक्रमणिकेत ४९ वं परिशिष्ट ‘एक्स-एल-आय-एक्स’ आहे आणि पानावर ‘आय-एल’. सापडली एकदाची विसंगती!

इथे मी ती चूक केली जिच्याबद्दल आजही स्वतःला माफ केलेलं नाही. दोन्हींतलं बरोबर कुठलं हे ठरवायला मी एक्सेल उघडलं. त्यात आकडा रोमनमध्ये बदलायचं सूत्र आहे, त्याचं नावच ‘रोमन’. कुठूनतरी उचललेलं सूत्र माझ्याकडे होतं, त्यात कंसात ४९ नंतर स्वल्पविराम आणि मग ४ असं लिहिलेलं. तो ४ कशासाठी हे मी पाहिलंच नाही. उत्तर आलं, आय-एल. झालं! मी अनुक्रमणिकेतला बरोबर आकडा खोडला आणि तिथेही चुकीचा घातला. वर सहकाऱ्याला दोन शब्द सुनावले, ते वेगळंच.

गठ्ठा पुन्हा परत. या वेळी शेरा: ‘क्रमांक नियमानुसार नाहीत.’ आता मी भांडायच्याच तयारीत गेलो. पन्नासातून एक गेला की एकोणपन्नास, चुकलं काय, वगैरे. समोरच्या माणसानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “आम्ही इथे शिकवायला बसलेलो नाही.” बरोबर काय ते त्याला माहीत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका वाक्यात सुटलं असतं. शेऱ्यात ‘परिशिष्ट ४९ पाहा’ एवढे तीन शब्द लिहायला शाई किती लागते?

शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त मुद्रितशोधकांकडे गठ्ठा घेऊन गेलो. ते पेन्सिलीच्या मागच्या टोकानं पानं उलटत होते. ४९ वर टोक थांबलं. “आय एवढी लांब उडी मारत नाही,” म्हणाले. दहा मिनिटांत प्रकरण संपलं, पण तोवर सादर करायची मुदत टळून गेली होती आणि अहवाल पुढच्या फेरीपर्यंत चार महिने पडून राहिला.

ते उडीचं वाक्य तुम्हीही धरून ठेवा. वजा व्हायची मुभा फक्त आय, एक्स आणि सी या तिघांना. आणि तेही आपल्या पाचपट किंवा दहापट अक्षराच्या आधीच बसू शकतात, त्यापलीकडे नाही. म्हणजे आय बसणार व्ही किंवा एक्सच्या आधी, एक्स बसणार एल किंवा सीच्या आधी, सी बसणार डी किंवा एमच्या आधी. जोड्या सहाच: ४, ९, ४०, ९०, ४००, ९००. सातवी जोडी नाही. आय आणि एल यांच्यात ५० पटींचं अंतर, म्हणून आय-एल बाद. एम-आय-एम मध्ये तर आय हजारावर उडी मारतोय.

आता नियम कळला तरी हात चुकतो, कारण आपली भाषा कानात उलटं सांगत असते. माझं हे ठाम मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आपण एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणतो, म्हणजे ‘एक ऊन वीस’, ‘एक ऊन तीस’. वजाबाकी आपल्या तोंडातच बसलेली. मग डोकं आधी पन्नास काढतं आणि त्याच्या डावीकडे एक आय चिकटवतं. याच वळणानं एकोणीसला आय-एक्स-एक्स आणि एकोणसाठला आय-एल-एक्स लिहिणारे मी पाहिलेत. तुमचं ३९ पर्यंत बरोबर आलं याचं कारण, माझा अंदाज, तो तक्ता तुम्ही पाठ केलाय. पाठांतर संपलं तिथे ‘एकोण’ जागा झाला. (९९ ला आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो, तरी तुम्ही आय-सी लिहिलंत. एकदा सवय लागली की ती शब्दाचीही वाट पाहत नाही.)

गंमत म्हणजे रोमन लोकही असंच बोलायचे. लॅटिनमध्ये १९ ला ‘उनदेविगिंती’, म्हणजे विसातून एक, आणि १८ ला ‘दुओदेविगिंती’, विसातून दोन. पण १९ आपण लिहितो ते एक्स-आय-एक्स: आधी दहा, मग नऊ. बोलायची रीत वेगळी, लिहायची वेगळी.

म्हणून संख्या शब्दांत वाचूच नका. हजार, शतक, दशक, एकक सुटे करा आणि प्रत्येक घर स्वतंत्र लिहा. ४९ म्हणजे ४० आणि ९. चाळीस एक्स-एल, नऊ आय-एक्स, शेजारी ठेवले की एक्स-एल-आय-एक्स. दशकाच्या घराला एककाच्या घरात काय चाललंय याची खबरच नसते, असं समजा. १९९९ घ्या: हजार एम, नऊशे सी-एम, नव्वद एक्स-सी, नऊ आय-एक्स. एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स. लांब वाटतं, पण चार तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा तुम्हाला येतो. शून्य असेल त्या घरात काहीच लिहायचं नाही, कारण या पद्धतीत शून्याला चिन्हच नाही. १९०९ म्हणजे एम-सी-एम-आय-एक्स, मध्ये मोकळी जागा नको, टिंब नको. अनेक जण तिथे उगाच अडखळतात.

शंभरपर्यंतचा तक्ता पाठ करायला सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. एककाचे नऊ आकार पक्के करा, बस. दशकात तेच नऊ आकार येतात, फक्त आय-व्ही-एक्सच्या जागी एक्स-एल-सी. शतकात सी-डी-एम. ४४४ लिहून पाहा, सी-डी-एक्स-एल-आय-व्ही, एकच आकार तीनदा अक्षरं बदलून आलेला दिसेल. आणि लांबीला घाबरू नका. ३,९९९ पर्यंतच्या संख्यांत सगळ्यांत लांब ३,८८८, तिला १५ अक्षरं लागतात, आणि लिहायला ती ४९ पेक्षा सोपी, कारण वजाबाकी कुठेच नाही. त्यापुढे ४,००० ला अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, रेघेखालचं हजारपट होतं. त्यात आत्ता पडू नका.

एक्सेलचं राहिलंच. त्या सूत्रातला दुसरा आकडा ० ते ४ असतो आणि तो ‘किती आखडून लिहू’ एवढंच सांगतो. ४९९ ला ० दिलं तर सी-डी-एक्स-सी-आय-एक्स, हे रूढ उत्तर. १ दिलं तर एल-डी-व्ही-एल-आय-व्ही, २ ला एक्स-डी-आय-एक्स, ३ ला व्ही-डी-आय-व्ही, आणि ४ ला थेट आय-डी. पाच उत्तरं, पाचही आत्मविश्वासानं! तो दुसरा आकडा देऊच नका, मग ते शून्यच धरतं. बाकी आकडे बदलून देणाऱ्या संकेतस्थळांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण सगळी वापरून पाहिलेली नाहीत, त्यामुळे गप्प बसतो.

आता कुणीतरी खाली येऊन म्हणेलच की घड्याळात चारला चार आय असतात, मग नियम कसले? खरं आहे, बऱ्याच तबकड्यांवर तसं असतं, आणि लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र आय-व्ही आहे. रोमन लोक स्वतःही आपल्याइतके काटेकोर नव्हते. कलोसियमच्या ४४ व्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय असं कोरलंय, म्हणजे चाळीसला वजाबाकी आणि चारला बेरीज, एकाच आकड्यात. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या लढाईत मारल्या गेलेल्या मार्कस केलियस या सेनाधिकाऱ्याच्या स्मारकशिळेवर अठराव्या लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे, अगदी ‘विसातून दोन’. आज आपण जो नियम पाळतो तो नंतर रूढ झालेला संकेत आहे. पण ही माहिती परीक्षेच्या किंवा कार्यालयाच्या टेबलावर वापरायला जाऊ नका. मी वापरली होती, दुसऱ्या फेरीनंतर. माणसानं फाइल बंद केली.

टंकणार असाल तर एक सूचना. बऱ्याच फाँटमध्ये मोठा आय, छोटा एल आणि इंग्रजी एकचा आकडा सारखेच दिसतात. घाईत भलतंच दाबलं जातं, डोळ्यांना कळत नाही आणि मग शोधायला गेलं की ते पान सापडत नाही. युनिकोडमध्ये बारापर्यंतच्या रोमन आकड्यांची एकेक स्वतंत्र चिन्हंही आहेत, दिसायला छान, पण शोधताना तोच त्रास. साधी अक्षरंच वापरा.

सरावाला एक-दोन-तीन नका घेऊ. ९४९, १४९४ आणि १९४९ घ्या, त्यांत सगळे खड्डे आहेत. घरं सुटी करून लिहा आणि त्या मांडणीसकट इथे टाका. नुसतं उत्तर टाकलंत तर मी तपासणार नाही, कुठे चुकलं ते मग मलाही सांगता येणार नाही.